दुसऱ्याची ठेव

अण्णांनी मला दोनदा कामावर घेतलं. एकदा सोमवारी आणि एकदा त्याच आठवड्यातल्या गुरुवारी. सोमवारी त्यांनी नाव-गाव विचारलं, टायपिंगची परीक्षा कुठल्या साली दिली ते विचारलं, मराठी आणि कन्नड दोन्ही येतं का विचारलं, माझ्याकडून एक पान बडवून घेतलं आणि म्हणाले, "बरं, गुरुवारी ये." मी आपली आनंदात केलगेरीला घरी जाऊन आईला पेढे आणायला सांगितले. गुरुवारी गेले तर परत नाव-गाव, परत परीक्षेचं साल, परत तेच पान. मला वाटलं, म्हाताऱ्याला विसरायचा रोग आहे. मी जरा तिखटच म्हणाले की अहो, हे सगळं सोमवारी झालं की! तर अण्णा खूष.

"तेच बघायलोय," म्हणाले. "सोमवारची तू आणि गुरुवारची तू एकच आहेस का, ते बघायला नको?"

नव्वदीच्या मध्यातली ही गोष्ट. सरकारी नोकरी मुदतीआधी सोडून अण्णांनी धारवाडात सप्तापूरला, विद्यापीठाच्या रस्त्यावर, एका चहाच्या दुकानाला लागून कंप्युटर टायपिंगचं दुकान काढलं होतं. एक खोली, दोन मशिनं, एक प्रिंटर. काम सगळं थिसिसचं. पीएचडी करणारी पोरं-पोरी हातानं लिहिलेले गठ्ठे घेऊन यायची आणि आम्ही ते टाइप करायचो. आम्ही म्हणजे मी आणि बसवराज. बसवराज कन्नड आणि इंग्लिश बघायचा, मी मराठी आणि हिंदी. बसवराज फार कमी बोलायचा, त्याच्या वाटचं मी बोलून घ्यायची.

त्या काळात सगळा जीव फ्लॉपीत असायचा. आता कुणाला दाखवली तर हसतील, पण ती चौकोनी काळी वडी म्हणजे एकेका माणसाची चार-पाच वर्षं असायची. आणि फ्लॉपीसारखी दगाबाज वस्तू मी दुसरी बघितली नाही. काल चाललेली आज चालायची नाही. धारवाडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे, भिंतीला हात लावला तर ओला होतो. त्यात वीज कधी जाईल नेम नाही. दुसऱ्या दुकानांत थिसिस उडाल्याच्या बातम्या यायच्या. कुणाचा एक धडा, कुणाचं सगळंच. आमच्याकडं कधी कुणाची एक ओळसुद्धा गेली नव्हती आणि ते अण्णांमुळं.

अण्णांना प्रत्येक गोष्ट दोन लागायची. शर्टाच्या खिशात दोन पेन, पिशवीत दोन चष्मे. स्कूटरची एक किल्ली हातात आणि दुसरी जानव्याला. घरून नाष्टा करून यायचे आणि डब्यात नाष्टा घेऊन यायचे. दुकान बंद केल्यावर कुलूप ओढून बघायचे, रस्ता ओलांडायचे, परत यायचे आणि परत ओढून बघायचे. लोक म्हणायचे की यांचं कधीतरी मोठं काहीतरी हरवलं असणार, म्हणून हे असं. मीसुद्धा एकदा काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, खोदून खोदून विचारलं. काकू म्हणाल्या, "काही हरवलं-बिरवलं नाही गं. लग्नात माझ्या गळ्यात हार घालून झाल्यावर परत एकदा नीट बसलाय का बघितला. तेव्हाच मी ओळखलं." काही माणसं जन्मालाच दोनदा कडी बघायला येतात, त्याला कारण कशाला पाहिजे?

दर अमावास्येला अण्णा आमचं एक मशिन मारायचे. म्हणजे खरं नाही. सकाळी आलं की जुनं पांढरं धोतर त्याच्यावर घालायचे आणि जाहीर करायचे की हा आज गेला, आता काय करायलात बघा. मग मळमड्डीला त्यांच्या घरी जाऊन बसवराजनं फ्लॉप्यांची पेटी आणायची, ती दुसऱ्या मशिनवर एकेक उघडायची, प्रत्येकाचं पहिलं आणि शेवटचं पान वाचून बघायचं आणि दिवसभर त्याच्यावरच काम करायचं. एखादी फ्लॉपी उघडली नाही तर त्याच दिवशी नवीन करायची. आम्हाला वैताग यायचा. गिऱ्हाईक खोळंबायचं. पण अण्णा ऐकतील तर शपथ! "नुसती ठेवली म्हणजे प्रत होत नाही," म्हणायचे. "बरणी बांधून ठेवली म्हणजे आत लोणचं चांगलंच आहे असं होतंय काय? उघडून बघावं लागतं." एकदा हिंदीचे एक प्राध्यापक आले. ते धोतर आणि त्याच्याशेजारी गप्प बसलेले अण्णा बघून त्यांनी दारातच चपला काढल्या आणि हळू आवाजात विचारलं, कधी? अण्णा म्हणाले, "सकाळी. पण संध्याकाळपर्यंत उठेल." बिचारे प्राध्यापक जे गेले ते महिनाभर आले नाहीत.

पण अण्णांची खरी ख्याती होती ती पाकिटांची. धारवाडात त्या वेळी पीएचडी केलेल्या कुणालाही विचारा, पाकीट म्हटलं की हसेल.

एक प्रत दुकानात, एक मळमड्डीच्या घरी. एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. अण्णांनी तिसरी काढली आणि ती ठेवायची गिऱ्हाइकाकडं. पण ज्याची त्याच्याकडं नाही. इतिहासवाल्याची फ्लॉपी गणितवालीकडं, गणितवालीची आणखी कुणाकडं. जाड तपकिरी पाकीट, खळीनं चिकटवलेलं, तोंडावर अण्णांची आडवी सही. नाव नाही, गाव नाही. पाकीट हातात द्यायचे आणि सांगायचे की ही दुसऱ्याची ठेव आहे, उघडायची नाही, मागेन तेव्हा आणून द्यायची. पुढच्या खेपेला माणूस आत आला की नमस्काराच्या आधी प्रश्न, "पाकीट आणलंस?" ते घ्यायचे, सही बघायचे, आत नवीन फ्लॉपी घालून परत चिकटवायचे.

यावर भांडणं काय कमी झाली? एक लेक्चरर तर टेबलावर हात आपटून म्हणाले की माझं संशोधन परक्याच्या घरी ठेवणारे तुम्ही कोण? अण्णांचा आवाज कधी चढायचा नाही. म्हणाले, "सर, तुमच्या घरी दही लागलं नाही तर काय करता? शेजारणीकडं वाटी घेऊन जाता. तिनं काय दिलं? तुम्हीच परवा दिलेलं विरजण. आपलं आपल्याकडंच ठेवलं असतं तर दोन्ही नासलं असतं की." लेक्चररसाहेबांना ते पटलं नाही. थिसिस पूर्ण करून घेऊन गेले आणि परत त्या रस्त्यानं जायचे ते पलीकडच्या फुटपाथवरून.

मी अण्णांना विचारलं होतं की ज्याचं त्याच्याकडं दिलं तर काय बिघडलं? म्हणाले की माणूस आपली वस्तू कुठंही टाकतो, दुसऱ्याची असली की झोपताना उशाशी बघतो. आणि कुणाचं कुणाकडं आहे हे अण्णा कधी लिहून ठेवायचे नाहीत. लिहिलं की कुणीतरी वाचणार, आणि विद्यापीठात कुणाचं कोण चोरेल सांगता येत नाही. सगळं डोक्यात. शंभर माणसांचं असलं तरी विचारल्याबरोबर तोंडातून नाव यायचं. आम्हाला त्याचं भारी कौतुक होतं. त्यात काही चुकतंय हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता सावित्रीबद्दल सांगते. अळणावरजवळच्या एका खेड्यातली, मराठा शेतकऱ्याची पोरगी. घरात बारावीच्या पुढं गेलेली ही पहिलीच. एका कॉलेजात तात्पुरती शिकवायची आणि तिकडच्या भातशेतीतल्या शब्दांवर मराठीत थिसिस करायची. नांगराच्या भागांना, चिखलणीला, भाताच्या जातींना तिच्या गावात काय म्हणतात, त्यातलं मराठी किती, कन्नड किती, असं सगळं. मला टाइप करताना मजा यायची, कारण निम्मे शब्द माझी आजी वापरायची. सावित्री सकाळच्या बसनं यायची आणि कॉलेज झालं की संध्याकाळपर्यंत आमच्या दुकानात बसायची, कारण गाईड सरांची खोली चार जणांत एक आणि हॉस्टेल परवडायचं नाही. अण्णांनी तिच्यासाठी कोपऱ्यात एक टेबल टाकलं होतं. संध्याकाळी स्कूटरवरून बसस्टँडवर सोडायचे. बस सुटली की लगेच निघायचे नाहीत, तिथंच उभे राहायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, बंद पडून परत आली तर? पोरगी एकटी उभी राहील की.

त्या वर्षी सावित्रीचा थिसिस संपला. तिचे गाईड ऑक्टोबरअखेर रिटायर होणार होते. ते असेपर्यंत थिसिस विद्यापीठात गेला तर कॉलेजातली कायमची जागा तिला मिळणार, असं कॉलेजनं कबूल केलं होतं. नाही गेला तर जागा दुसऱ्याला. दुसरा तयारच बसला होता. शेवटच्या दुरुस्त्या मशिनवरच केल्या, फ्लॉप्या काढल्या, सरांसाठी एक प्रिंट काढून दुकानाच्या फळीवर ठेवली. दसरा झाला की बांधायला द्यायची, की झालं.

आणि अण्णांच्या छातीत दुखलं. मळमड्डीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि तसंच बेळगावला धाडलं. तिथं ऑपरेशन करावं लागलं. काकू तिकडंच राहिल्या.

आमच्याकडं खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं पुजतात. सुताराचा रंधा, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, रिक्षावाल्याची रिक्षा, तसे आमचे कंप्युटर. हळदकुंकू, झेंडू, उंबऱ्यावर कोहळा फोडायचा आणि समई लावून दार ओढून घ्यायचं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. आणि एकही हत्यार वगळायचं नाही, वगळलं तर ते रुसतं म्हणतात. म्हणजे घरच्या पेटीतल्या फ्लॉप्यासुद्धा दुकानात आणून पुजायला पाहिजेत. काकूंचा दरवर्षी हाच हट्ट आणि दरवर्षी अण्णा एक कोरी फ्लॉपी पाटावर ठेवायचे. हा पेटीचा प्रतिनिधी, म्हणायचे. गणपतीच्या जागी सुपारी चालते, मग पेटीच्या जागी ही चालते. पेटी काही घराबाहेर पडायची नाही.

त्या वर्षी काकू पूजेपुरत्या बेळगावहून आल्या. बसमधून उतरून घरी गेल्या आणि पदराखाली धरून अख्खी पेटी घेऊन आल्या. बसवराज, जो कधी बोलत नाही, तो बोलला की काकू, अण्णा कोरी ठेवायचे. काकूंचे डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "या वर्षी प्रतिनिधी नको रे. या वर्षी देवाला काही कमी पडायला नको." यावर काय बोलणार? मी पेटी उघडून पाटावर मांडली, काकूंनी प्रत्येक फ्लॉपीवर बोट टेकून कुंकू लावलं. कोहळा फोडला. समई तेलानं काठोकाठ भरली, दार ओढलं आणि काकू परतीच्या बसला लागल्या.

दिवेलागणीला चहावाल्यानं धूर बघितला. समईची ज्योत वाऱ्यानं झेंडूच्या माळेला लागली की कागदी पताकेला, कुणाला माहीत. लोकांनी दार फोडून पाणी मारलं तोवर आत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मशिनं, दुकानातल्या फ्लॉप्या, फळीवरची प्रिंट आणि पाटावरची पेटी. पेटीच्या फ्लॉप्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. कुणाला इजा झाली नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी आणि बसवराज त्या काळ्या खोलीच्या पायरीवर बसलो होतो आणि लोक येत होते, हातात आपट्याऐवजी इकडं देतात ती बन्नीची पानं ठेवत होते आणि दरवर्षीसारखं म्हणत होते, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण", बन्नी घ्या, सोन्यासारखं राहू या. मला त्या दिवशी ते ऐकवेना.

सावित्री आली. तिनं आत बघितलं आणि विचारलं, "पाकीट?" एवढंच. माझ्या जिवात जीव आला. खरंच की, तिसरी प्रत होती! कुणाकडं तरी सगळ्यांची पाकिटं होतीच. फक्त कुणाची कुणाकडं हे सांगणारा माणूस बेळगावला छाती शिवून पडला होता.

आम्ही चहाच्या दुकानावर पाटी लावली, मराठीत आणि कन्नडमध्ये. अण्णांची ठेव ज्यांच्याकडं आहे त्यांनी आणून द्यावी. आणि काय सांगू, लोक यायला लागले. हॉस्टेलची पोरं आली. हुबळीहून बस धरून एक बाई आल्या, त्यांनी पाकीट गव्हाच्या डब्यात ठेवलं होतं, पीठ झटकून दिलं. एकानं ट्रंकेला कुलूप लावून ठेवलं होतं आणि किल्ली हरवली म्हणून ट्रंकच रिक्षात घालून आणली. तो पलीकडच्या फुटपाथवरून जाणारा लेक्चररसुद्धा रस्ता ओलांडून आला. थिसिस होऊन दोन वर्षं झाली होती, तरी पाकीट परत करायला भांडणामुळं आला नव्हता आणि टाकूनही दिलं नव्हतं. म्हणाला की त्यांच्याशी माझं बोलणं नाही, पण ठेव ती ठेव. एकाही पाकिटाची सही फाटलेली नव्हती. मी भर रस्त्यात रडले, मला त्याची लाज वाटत नाही.

बसवराज दुसऱ्याच्या दुकानात बसून एकेक उघडत होता. इतिहास निघाला, गणित निघालं, समाजशास्त्र निघालं. ज्या पोरांचं काम चालू होतं त्या सगळ्यांचं आलं. सावित्रीचं आलं नाही.

शिकून बाहेर गेलेली कितीतरी माणसं होती, गोव्यापासून गुलबर्ग्यापर्यंत. त्यांचे पत्ते होते कंप्युटरमध्येच. ठाऊक होते तेवढ्यांना फोन केले. पेपरात द्यावं असं बसवराज म्हणाला, तर काकूंनी फोनवर सांगितलं की यांना दवाखान्यातसुद्धा सकाळी दोन पेपर लागतात, आणि आगीचं यांना कळू द्यायचं नाहीय. ऑक्टोबर संपायला आठवडा राहिला तेव्हा सावित्री म्हणाली, मी एकदा अण्णांना बघून येते. मी तिच्याबरोबर गेले.

अण्णा ओळखू येत नव्हते. नाकात नळी, हात काडीसारखे. डॉक्टरांनी काकूंना बजावलं होतं की जखम भरत नाहीय, ठोके मधूनच चुकतायत, धक्का बसेल असं कानावर जाऊ देऊ नका. आम्हाला बघून त्यांचे डोळे उजळले. पहिला प्रश्न काकूंना, "घरची पेटी घरी आहे ना?" काकू म्हणाल्या, आहे. मग सावित्रीकडं वळून त्यांनी विचारलं की थिसिस गेला? ती म्हणाली, "जायलाय, अण्णा." अण्णा हसले. किती दिवसांनी हसले म्हणून नर्ससुद्धा बघायला लागली.

बाहेर व्हरांड्यात काकूंनी सावित्रीचे हात धरले. म्हणाल्या, मी विचारते. पोरी, तुझं नुकसान माझ्या हातानं झालंय, मला झोप लागत नाही, एक नाव तर सांगायचंय त्यांना. मी म्हणाले, आडून विचारता येणार नाही का? पण मलाच कळत होतं. तिसरी प्रत कुणाकडं, हे कुणी कधी विचारायचं? पहिल्या दोन्ही प्रती गेल्यावर. प्रश्न कानावर पडल्याबरोबर त्या माणसाला दुकान आणि पेटी दोन्ही जळलेली दिसली असती.

सावित्रीनं काकूंना बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मला माहीत होतं तिच्या घरी काय चाललंय. जागा मिळाली नाही तर पुरे झालं शिक्षण, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं.

"काकू, तुम्ही विचारायचं नाही," ती म्हणाली. "ते आज हसलेत. तेवढं राहू द्या."

तिनं परत कुणाला त्यावर बोलू दिलं नाही. महिना संपला, गाईड रिटायर झाले, जागा दुसऱ्याला गेली. सावित्रीनं माझ्या केलगेरीच्या घरी बसून जुन्या कच्च्या कागदांवरून पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली. वडिलांना तिनं काय सांगून गप्प केलं ते मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीनंतर अण्णा घरी आले. चालायला लागले, तसा दुकानात यायचा हट्ट धरला. मग डॉक्टरांना विचारून काकूंनीच सगळं सांगितलं आणि आम्हा तिघांना मळमड्डीला बोलावलं. अण्णा आरामखुर्चीत होते, गुडघ्यावर शाल. पहिल्यांदा विचारलं की कुणाला भाजलं-बिजलं नाही ना? मग विचारलं, कुणाचं पाकीट आलं नाही?

"सावित्रीचं," मी म्हणाले.

"कारवारला आहे," अण्णा म्हणाले. श्वास घेण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. समुद्राच्या शेवाळावर काम करणारा एक मुलगा होता, त्याला तिकडं नोकरी लागली, तो निघायच्या आदल्या दिवशी यांनी मुद्दाम त्याच्याकडं दिलं होतं. धारवाडला काही झालं तरी कारवार राहतं, म्हणून. सांगताना त्यांना स्वतःच्या हुशारीचा आनंद झालेला दिसत होता. सावित्रीला म्हणाले, फोन कर, दोन दिवसांत येईल, दे नेऊन विद्यापीठात.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि महिना, गाईड, जागा, सगळं सांगितलं. आम्ही बेळगावला आलो होतो आणि न विचारता परत गेलो, तेही सांगितलं.

अण्णांचा चढलेला आवाज मी आयुष्यात त्या एकदाच ऐकला. "एक शब्द विचारायचा होता!" ते ओरडले. "मी कशासाठी केलं मग हे सगळं? एवढी वर्षं? एक शब्द!" मी घाबरून काकूंकडं बघितलं. बसवराज पाणी आणायला उठला.

सावित्री जागची हलली नाही. "अण्णा," ती म्हणाली, "थिसिस मी परत लिहायला घेतलाय. तुम्हाला कुठनं परत आणणार होतो आम्ही? तुमची दुसरी प्रत कुणाकडं ठेवली होती तुम्ही?"

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "बसा तिघं. जवळ बसा."

आणि सांगायला लागले. कुठलं पाकीट कुणाकडं. एकेक नाव सांगायचे, आम्ही तिघांनी म्हणायचं, चुकलं तर परत म्हणायचं, शाळेत पाढे म्हणतात तसं. सावित्रीला हसू येत होतं आणि डोळ्यांतनं पाणीही येत होतं. पाकिटं संपली. मला वाटलं आता उठावं. पण अण्णा थांबले नाहीत. घरच्या मीटरची किल्ली कुठं असते, काकूंना कुठलं औषध चालत नाही, हे सांगितलं. मग त्यांच्या आईचं माहेरचं नाव. कृष्णाकाठच्या ज्या खेड्यातून त्यांचे आजोबा धारवाडला आले, तिथली विहीर, जिच्यात ते सुट्टीत आजोबांबरोबर पोहायला शिकले ती. आजोबांनी पाठीला बांधलेला भोपळा. एकदा पोहताना भोपळा सुटला आणि आपण बुडालो नाही, हे कळल्यावर कसं वाटलं, ते. काकू दारात उभ्या होत्या. एरवी बोलून थकाल म्हणून दटावणाऱ्या बाई, त्या दिवशी हूं की चूं केलं नाही. कुणी काही लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकत होतो.

कारवारचं पाकीट आलं, सही शाबूत होती. दुसरे गाईड शोधण्यात वर्ष गेलं, मग सावित्रीला पीएचडी मिळाली. पण जागा गेली ती गेली. पुढं कितीतरी वर्षं ती हल्याळला तात्पुरती शिकवायला जात होती आणि रोज दोन बस बदलत होती. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र तो हिशोब अजून लागत नाही, मी तिच्या जागी असते तर विचारलं असतं.

अण्णा त्यानंतर बरेच दिवस जगले. दुकान परत उभं राहिलं, फ्लॉप्या जाऊन सीडी आल्या, मग त्याही गेल्या आणि अण्णाही गेले. आम्ही तिघं अजून भेटतो. भेटलो की त्या दिवशीचं काहीतरी निघतंच. बसवराज म्हणतो, ती विहीर गावाच्या पूर्वेला होती. सावित्री म्हणते, छे, उत्तरेला, देवळाच्या मागं. मग दोघं माझ्याकडं बघतात. मला पूर्वच आठवते.